अराइज की निओफ्लाय-निओबोल्ट?

दोन्ही व्हीलचेअर आयआयटी मद्रासच्या एकाच लॅबमधल्या, आर२डी२ म्हणतात तिला, अपंगांसाठी साधनं बनवते, प्रा. सुजाता श्रीनिवासन यांची टीम. म्हणून लोक विचारतात भारी कुठली, पण कामंच वेगळी आहेत दोघींची.

अराइज २०१९ मध्ये आली, ही उभं करणारी व्हीलचेअर. मोटर वगैरे काही नाही, हातानेच लिव्हर वापरून माणूस बसल्याचा उभा होतो, तेही दुसऱ्या कुणाला हाक न मारता. स्पायनल इंज्युरीवाल्यांना (मणक्याला इजा झालेल्यांना) दिवसभर बसून बेडसोअर होतात, रक्ताभिसरण मंदावतं, पचनाची बोंब, हाडं ठिसूळ, त्यामुळे रोज थोडं उभं राहणं म्हणजे चैन नाही हो, गरजच आहे. शिवाय ओट्यापाशी किंवा कपाटाच्या वरच्या फळीपर्यंत हात पोचतो. फक्त हातात ताकद हवी, आणि सुरुवात फिजिओला विचारूनच करा.

निओफ्लाय ही व्हीलचेअर माणसाच्या मापाप्रमाणे बनते, १८ प्रकारे अॅडजस्ट होते. तिला पुढून निओबोल्ट, म्हणजे मोटरवाला जोड, लावला की झाली स्कूटर, ताशी २५ किमीपर्यंत जाते आणि एका चार्जिंगमध्ये साधारण तेवढेच किमी. २०२१ ला निओफ्लाय ३९,९०० रुपयांना आणि निओबोल्ट ५५,००० ला होता. महाग आहेच, पण रोज रिक्षावाल्याची मनधरणी करून, खुर्ची घडी घालून कामावर जाणाऱ्याला विचारा.

माझं मत, नोकरी-कॉलेजला बाहेर पडायचं असेल तर निओबोल्ट, बराच वेळ घरीच जात असेल तर अराइज.