गोदेचा पूर कथेत कसा आणावा: भरभरून वर्णन की एकच खूण?

नाशिकच्या कथेत पूर आला की लिहिणाऱ्यापुढे दोन वाटा असतात. पहिली अशी: आभाळ फाटलं, गोदावरीने रौद्र रूप धारण केलं, गंगापूर धरणातून हजारो क्युसेक पाणी सुटलं, सगळीकडे हाहाकार माजला. यात खोटं काहीच नाही. पण नदीचं आणि धरणाचं नाव बदललं, तर हाच परिच्छेद कोल्हापूरच्या पंचगंगेलाही चालेल.

दुसरी वाट: गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलंय. नाशिककर पूर असाच मोजतात, आधी गुडघे, मग कंबर, मग छाती. कथेतली म्हातारी घाटाकडून येणाऱ्या पोराला एवढंच विचारते, "मारुती कुठवर बुडाला रे?" तिची भीती, तिचं वय, आयुष्यभर पाहिलेले पूर, सगळं त्या प्रश्नात येतं. वाचकाला मूर्ती दिसते, तिच्या अंगावर चढणारं पाणी दिसतं. क्युसेक डोळ्यांपुढे उभे राहत नाहीत.

मी ठामपणे दुसऱ्या बाजूची आहे. मात्र एकाच पानात मारुती, नारोशंकर मंदिराची घंटा, रामकुंड आणि वाहून जाणाऱ्या टपऱ्या असं सगळं कोंबलं, की यातलं काहीच लक्षात राहत नाही. खूण एकच हवी, आणि ती कथेतल्या माणसाच्या नजरेतून आलेली हवी.

कथेत काही वर्षं ओलांडायची असतील, तर मात्र पहिल्या वाटेसारखं थेट सांगणंच बरं, फक्त थोडक्यात. 'त्यानंतरचे तीन पावसाळे कोरडे गेले,' एवढं वाक्य तिथे पुरतं.