सौर कृषी वाहिनीला माळ भाड्याने दिला, त्याला दोन वर्षं झाली

रेटिंग: 5 पैकी 4

आमचं रान मंगळवेढा तालुक्यात, सात एकर. त्यातला चार एकर मुरमाड माळ, बाकी तीन एकर ओढ्याकाठचं काळं, विहीर त्यातच. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0 मध्ये, म्हणजे शेतीपंपांना दिवसा वीज द्यायला सौर प्रकल्पांसाठी जमीन भाड्याने घेतात त्या सरकारी योजनेत, मी फक्त माळ दिला.

भाडं हेक्टरी वर्षाला 1,25,000 रुपये, दरवर्षी 3 टक्के वाढ. माझ्या 1 हेक्टर 60 आरचे पहिल्या वर्षी 2,00,000 आले, यंदा 2,06,000. याच माळावर हुलगा-मटकी पेरली की चांगल्या पावसात खर्च जाऊन वीसेक हजार उरायचे, नाहीतर बियाणंसुद्धा निघायचं नाही. सातबाऱ्यावर नाव माझंच आहे. माळासाठी याहून चांगला सौदा मला दिसत नाही.

मला काळजी वाटते ती काळ्या रानाची. आमच्या शिवारात माळ काय नि काळं काय, भाडं तेवढंच. जागा पाहणारे सबस्टेशन किती लांब हे आधी विचारतात, मातीचं कोणी विचारत नाही. मलाही सातही एकर द्यायचा मोह झाला होता. हिशोब मांडून बसलो होतो, तेव्हा आई म्हणाली, "काळ्या रानाला हात लावायचा न्हाई. खायाची जवारी कुठनं आणशील?" तिचं ऐकलं. यंदा तिथे मालदांडी ज्वारी आहे, कणसं मुठीत मावत नाहीत. सबस्टेशनजवळच्या एका भावकीने मात्र काळं रान दिलं. घरात तिघांचं कर्ज होतं, त्यांना दोष देववत नाही. पण हलक्या जमिनीला जास्त आणि काळ्याला कमी असा दर असता, तर ते रान वाचलं असतं असं मला मनापासून वाटतं.

प्रकल्प सुरू झाल्यापासून शेतीपंपाला दिवसा वीज मिळते. रात्री बारा वाजता बॅटरी घेऊन, साप-विंचवाला भीत पिकाला पाणी द्यायला, दारं धरायला जाणं थांबलं. राहिलेलं रान कसायला त्यामुळे हुरूप आला, आणि भाड्याइतकंच मला हेही मोलाचं वाटतं.

एक गुण कापला तो वाटेसाठी. कंपनीने तारेचं कुंपण घातलं आणि ओढ्याकडची माझी गाडीवाट बंद झाली. आता कडब्याची गाडी अर्धा किलोमीटर वळसा घालून आणावी लागते. जमीन देणार असाल तर सही करण्याआधी वाट नकाशावर आखून घ्या, तिची रुंदी फुटात लिहून घ्या.