विकत घेतलेले ३१ टक्के

लेक आता इथे अमेरिकेत हायस्कूलच्या सिनियर इयरला, म्हणजे बारावीला आहे, आणि तिला मोठ्या युनिव्हर्सिट्या नकोत, छोटी लिबरल आर्ट्स कॉलेजंच (मुख्यतः पदवीपर्यंतचं, सगळ्या विषयांचं शिक्षण देणारी) हवीत, विल्यम्स, अ‍ॅमहर्स्ट, स्वार्थमोर, ग्रिनेल, कार्लटन अशी. (नातेवाइकांना यातलं एकही नाव माहीत नाही. "म्हणजे हार्वर्डला नाही मिळालं का गं" असं विचारूनही झालंय, अजून अर्जसुद्धा गेलेला नाही.) तर तिचे चान्सेस किती ते एकदा कळू दे म्हणून मी एका वेबसाइटचं पॅकेज घेतलं, ७९ डॉलरचा प्रॉबेबिलिटी रिपोर्ट आणि वर १८० डॉलरला काउन्सेलरबरोबर पाऊण तास. साइटचं नाव देत नाहीये कारण मला भांडण नकोय, आणि अशा बऱ्याच साइट्स आहेत, थोड्याफार फरकाने सगळ्यांचा मसाला एकच.

फॉर्म भरायला दहा मिनिटं लागतात. जीपीए, एसएटी, एपी (शाळेतच घ्यायचे कॉलेजच्या पातळीचे कोर्स) किती घेतले, राज्य कुठलं, आणि मग ‘एक्स्ट्राकरिक्युलर्सना १ ते ५ मध्ये गुण द्या’. इथेच मला शंका यायला हवी होती. मी ४ दिले, विल्यम्सला ३१ टक्के आले. लेकीने माझ्या हातातून लॅपटॉप घेऊन ३ केले, तर २२. नवरा म्हणाला पोरगी चार वर्षं डिबेट टीम सांभाळतेय, ५ दे, तर ४४! म्हणजे आईबापाच्या मायेची किंमत बावीस टक्के. बरं, विल्यम्स सध्या घेतं शंभरात दहापेक्षाही कमी मुलं, मग हा ३१ आला कुठून, तर रिपोर्टमध्ये त्याचं उत्तर ‘प्रोप्रायटरी अल्गोरिदम’.

मग मी जरा खोडसाळपणा केला. ‘पालक त्याच कॉलेजचे माजी विद्यार्थी आहेत का’ याला हो म्हणून बघितलं, तर सगळ्याच कॉलेजांचे आकडे चार-पाच टक्क्यांनी वर गेले, अ‍ॅमहर्स्टचासुद्धा. अ‍ॅमहर्स्टने लेगसी बघणं बंद केल्याचं २०२१ मध्येच जाहीर केलंय. हे त्यांच्या अल्गोरिदमला कुणी कळवलेलं दिसत नाही.

रिपोर्टच्या शेवटच्या पानावर मोठ्या हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं की यादीतल्या दहा कॉलेजांपैकी किमान एका ठिकाणी अ‍ॅडमिशन मिळण्याची शक्यता ९४ टक्के. मला ते वाचून इतकं बरं वाटलं की मी ते पान प्रिंट केलं. नवरा इन्शुरन्समध्ये आहे, तो बघून हसायलाच लागला. म्हणाला, यांनी प्रत्येक कॉलेजला सरासरी २५ टक्के धरलेत आणि दहा वेगवेगळी नाणी उडवल्यासारखा गुणाकार केलाय, पण नाणी वेगवेगळी आहेत कुठे? तोच मेन निबंध, त्याच दोन टीचर्सची पत्रं, तीच मार्कशीट दहाही ठिकाणी जाणार, पत्र मिळमिळीत असेल तर दहा ठिकाणी मिळमिळीत. नदीकाठच्या एकाच आळीतली दहा घरं आहेत ही, पूर आला तर एकच घर बुडत नाही. प्रिंट काढलेलं पान मी मागच्या बाजूने किराण्याच्या यादीला वापरलं.

आता ज्याला खरंच समजून घ्यायचंय त्याने फुकटात काय करावं, तर कॉलेजचं नाव टाकून पुढे ‘कॉमन डेटा सेट’ असं सर्च करा. बहुतेक कॉलेजं ही फाइल दर वर्षी स्वतः टाकतात, दिसायला इन्कम टॅक्सच्या फॉर्मसारखी रटाळ आहे पण सोनं आहे. सी-७ नावाचा तक्ता बघा, त्यात कॉलेज स्वतः सांगतं की निबंध, शिफारसपत्रं, इंटरव्ह्यू, लेगसी, ‘लेव्हल ऑफ इंटरेस्ट’ (मुलाने त्या कॉलेजात किती रस दाखवला) यातलं त्यांच्यासाठी काय व्हेरी इम्पॉर्टंट आणि काय अजिबात बघत नाहीत. इंटरेस्ट जिथे बघतात तिथे कॉलेजच्या ईमेल्स न उघडता डिलीट करू नका, जिथे बघत नाहीत तिथे उगाच विमानाची तिकिटं काढून कॅम्पस टूरला पळू नका. सी-९ मध्ये एसएटीची रेंज असते, पण तिच्या शेजारीच किती टक्के मुलांनी स्कोअर दिला तेही असतं आणि ते आधी वाचा. बोडन कॉलेज तर १९६९ पासून टेस्ट-ऑप्शनल आहे, म्हणजे स्कोअर द्यायचा की नाही ते मुलाने ठरवायचं, जिथे असं आहे तिथे कमी स्कोअरवाली मुलं स्कोअर दाखवतच नाहीत, मग उरलेल्यांची रेंज फुगलेली दिसणारच. आमच्या रिपोर्टमध्ये लेकीच्या एसएटीच्या १५१०ला (१६००पैकी) लाल रंग दिला होता, ती दोन दिवस तोंड पाडून बसली होती हो.

सगळ्यात जास्त गोंधळ ईडीचा. अर्ली डिसिजन. (माझ्या आईला फोनवर सांगितलं की नात ईडी करायचा विचार करतेय, तर ती घाबरलीच, म्हणाली तिने काय केलं?) म्हणजे नोव्हेंबरमध्ये एकाच कॉलेजला असा अर्ज करायचा, घेतलं तर जायचंच, परवडण्याइतकी मदत मिळाली नाही तर मात्र सुटता येतं. रिपोर्ट सांगतो ईडी केलं की चान्स चौपट. आता हिशोब बघा, आकडे मी समजायला घेतलेत. समजा ईडीला ८०० अर्ज आले आणि ३२० घेतले, म्हणजे ४० टक्के, आणि रेग्युलरला, म्हणजे नंतरच्या नेहमीच्या फेरीला, ९२०० मधून ५८०, म्हणजे सहाच्या जरा वर. वाटतं ना की पळत जाऊन ईडी करावं? पण त्या ३२० मधली ९० मुलं अशी की ज्यांची फाइल खेळाच्या कोचने उन्हाळ्यातच अ‍ॅडमिशन ऑफिसला दाखवून घेतलेली असते. या छोट्या कॉलेजांत खेळाडूंचा वाटा फार मोठा असतो, विद्यार्थीच एकूण दोन हजार आणि टीम्स मात्र तीसच्या आसपास, भरायच्या कुठून. आणखी ५० समजा क्वेस्टब्रिजची (कमी उत्पन्नाच्या घरातल्या हुशार मुलांना कॉलेजांशी जोडून देणारी योजना), तीही काही कॉलेजं ईडीतच मोजतात. ती १४० बाजूला काढली की उरतात ६६० अर्ज आणि १८० जागा, म्हणजे २७ टक्के. सहापेक्षा चांगलंच, पण चाळीस नव्हे, आणि त्यातही ईडीला येणारी मुलं मुळात तयारीची असतात ते वेगळंच.

आणि फॉर्ममध्ये एक प्रश्न नव्हताच, फायनान्शियल एड लागणार का? नीड-ब्लाइंड कॉलेज (अ‍ॅडमिशन देताना पैशाची गरज न बघणारं) असेल तर फरक नाही, पण नीड-अवेअर (ती बघणारं) असेल तर काठावरच्या मुलाला याच प्रश्नावर फटका बसू शकतो. आपल्या लोकांत तर आणखी एक भानगड, मुलगा एच-४ वर (आईबापाच्या एच-१बी वर्क व्हिसावरून मिळणाऱ्या व्हिसावर) असेल तर इथल्याच हायस्कूलमधून शिकलेला असूनही बरीच कॉलेजं त्याला इंटरनॅशनलच धरतात, आणि इंटरनॅशनल मुलांसाठीसुद्धा नीड-ब्लाइंड असणारी अ‍ॅमहर्स्टसारखी कॉलेजं बोटावर मोजण्याइतकी. मैत्रिणीच्या मुलाला याच साइटने माझ्या लेकीइतकेच टक्के दिले. व्हिसा विचारलाच नव्हता.

काउन्सेलरबाईंबद्दल मात्र वाईट बोलणार नाही. पहिली वीस मिनिटं त्या रिपोर्टच वाचून दाखवत होत्या, मग लेकीने विचारलं "तुम्ही स्वतः याच्यावर विश्वास ठेवता का", तर थोडं थांबून म्हणाल्या की रिपोर्ट बंद करा आणि तुमच्या शाळेचं स्कूल प्रोफाइल उघडा. हे दोन-चार पानांचं असतं, शाळा मार्कशीटबरोबर पाठवते, शाळेत एपी किती आहेत, ग्रेडिंग कसं, वगैरे. कॉलेजं मुलाला त्या चौकटीत बघतात. आमच्या शाळेत एपी आहेत बावीस आणि लेकीने घेतलेत सहा, आणि गणित अकरावीनंतर सोडायचा तिचा बेत होता! बाईंनी एवढंच सांगितलं, सोडू नकोस. ही नंतरची पंचवीस मिनिटं वसूल.

पाचपैकी दोन स्टार, दोन्ही बाईंचे. रिपोर्टला शून्य. रिफंड मागितला तर पैसे न देता ‘निबंध तपासणी’चं क्रेडिट दिलंय, ते लेकीने वापरायला साफ नकार दिला. तिने यादीतून दोन कॉलेजं काढून जरा जास्त मुलं घेणारी तीन घातली, कॅल्क्युलसला नाव नोंदवलं, आणि नेट प्राइस कॅल्क्युलेटर (मदत वजा जाता आपल्याला किती खर्च येईल याचा अंदाज देणारा) मी बसून भरतेय, तो कायद्यानेच जवळपास प्रत्येक कॉलेजच्या साइटवर असतो, फुकट, आणि त्यात आमचे खरे आकडे भरायचे असतात, मायेचे नाही.