बिअरच्या बाटलीत कुठली साखर घालावी? सोलापूरच्या मंगळवार पेठेतल्या पर्यायांचा रोकडा रिव्ह्यू

निकाल आधीच सांगून टाकतो: किराणा दुकानातली साधी पांढरी साखर. जिल्हाभर साखर कारखाने असताना ‘प्रायमिंग शुगर’ (बाटलीतल्या बिअरला फेस आणणारी साखर) असं छापलेलं पाकीट ऑनलाइन मागवणं म्हणजे मंगळवेढ्यात राहून ज्वारी कुरिअरने मागवणं. पण साधी साखर म्हणजे चमच्याने अंदाजे टाकलेली साखर नव्हे. घोळ होतो तो तिथेच.

कायद्याचं आधीच सांगितलेलं बरं. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार इथे परवान्याशिवाय बिअर बनवता येत नाही, घरच्यापुरतीसुद्धा नाही. परवाना असलेल्यांनी किंवा घरी बिअर बनवायला मुभा असलेल्या देशात राहणाऱ्या सोलापूरकरांनी पुढचं सगळं वाचावं. बाकीच्यांनी थेट शेवटच्या, आल्याच्या बिअरच्या भागावर यावं.

फर्मेंटेशन संपलेल्या बिअरमध्ये यीस्ट जिवंत असतं, फक्त उपाशी असतं. बाटली भरताना मोजकी साखर दिली की ते ती खातं आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. बूच बंद असल्याने वायू बिअरमध्येच विरघळतो. हे ‘व्हॉल्यूम’मध्ये मोजतात: एका लिटर बिअरमध्ये एक लिटर वायू विरघळला की १ व्हॉल्यूम. इंग्लिश पद्धतीच्या एल या बिअरच्या प्रकाराला १.५ ते २ पुरतात, पेल एलला २.४ च्या आसपास लागतात, जर्मन गव्हाच्या बिअरला ३.३ किंवा त्याहून जास्त. साध्या साखरेचा हिशेब लिटरमागे ४ ग्रॅमला १ व्हॉल्यूम.

बिअरमध्ये आधीपासून थोडा वायू असतोच, तो वजा करायचा. २० अंशांना तो साधारण ०.८५ व्हॉल्यूम असतो, ३० अंशांना जेमतेम ०.६५. इथे तापमान धरायचं ते फर्मेंटेशन संपल्यावर बिअरने गाठलेलं सर्वांत जास्त तापमान, बाटली भरायच्या दिवसाचं नव्हे. उकाड्यात निघून गेलेला वायू नंतर बिअर थंड केली म्हणून परत येत नाही.

उदाहरण घ्या. २० लिटर बिअर, २.४ व्हॉल्यूम पाहिजेत, आधीचे ०.६५. फरक १.७५. त्याला ४ ने आणि २० ने गुणलं की १४० ग्रॅम. हीच बिअर कायम २० अंशांत राहिली असती तर १२४ ग्रॅम पुरले असते. ६५० मिलीच्या एका बाटलीला साडेचार ग्रॅम, ३३० मिलीच्या पाइंटला २.३ ग्रॅम.

पांढरी साखर. पोत्यावर एस-३० किंवा एम-३० लिहिलेलं असतं. अक्षर दाण्याच्या आकाराचं, आकडा रंगाचा. यीस्टला दोन्ही सारखेच, पण चमच्याने मोजणाऱ्याला नाहीत. बारीक आणि जाड दाण्याच्या एका चमच्याचं वजन वेगळं भरतं, म्हणून काटा हवाच. साखरेने बिअर सायडरसारखी (सफरचंदाच्या दारूसारखी) लागते, हा जुना समज आहे. तो आला निम्म्या माल्टऐवजी (मोड आणून वाळवलेल्या धान्याऐवजी) साखर घालून केलेल्या बिअरवरून. लिटरला ७ ग्रॅमने चव बदलत नाही, अल्कोहोल तेवढं पाव-अर्ध्या टक्क्याच्या मध्ये कुठेतरी वाढतं. पूर्ण गुण.

पिठीसाखर. बेकरीवाल्यांकडच्या तयार पाकिटात बऱ्याचदा मक्याचं पीठ मिसळलेलं असतं, त्याने बिअर गढूळ होते. घरी मिक्सरमध्ये दळलेली चालेल, पण उकळून विरघळवायचीच असेल तर दळायची कशाला?

खडीसाखर. शुद्धतेत पांढऱ्या साखरेइतकीच, फक्त महाग आणि विरघळायला आळशी. दोऱ्यावरची घेतली तर दोरा गाळून काढा. बेल्जियन बिअरमधली ‘कँडी शुगर’ म्हणजे आपली खडीसाखर असं समजून लोक ती घेतात. तिकडचं गडद कँडी सिरप भाजल्याचा रंग आणि चव देतं, खडीसाखर यातलं काही देत नाही. प्रसादाला ठेवा.

ग्लुकोज पावडर, म्हणजे डेक्स्ट्रोज. परदेशी पाककृतींमध्ये हीच असते, म्हणून अनेकांना तिच्यावाचून अडतं. चांगली आहे, पण लेबल वाचा. संत्रा-लिंबू चवीच्या डब्यांत सायट्रिक आम्ल आणि साखर असते, ते नको. साध्या ‘ग्लुकोज-डी’त थोडं खनिज आणि जीवनसत्त्व घातलेलं असतं, त्याने बिघडत नाही. मोनोहायड्रेट प्रकारात नऊ टक्के पाणी असतं, म्हणून साखरेपेक्षा सुमारे १५ टक्के जास्त घ्यावी लागते. वरच्या उदाहरणात १४० ऐवजी १६० ग्रॅम. पाककृतीतला डेक्स्ट्रोजचा आकडा तसाच साखरेला लावला तर फेस जास्त येतो.

गूळ. इथे मन थोडं हळवं होतं. स्टाउट किंवा पोर्टर या गडद बिअरना काळपट, रसायनविरहित गुळाची खमंग छटा छान बसते, शेंगाचटणीसोबत तर फारच. पण गूळ प्रत्येक ढेपेला वेगळा. त्यातली साखर ६५ ते ८५ टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकते, शिवाय ओल आणि राख. पावसाळ्यात पाघळलेल्या ढेपेचा तर हिशेबच लागत नाही. घ्यायचाच तर कोरडा घ्या, साखरेच्या १.२ पट धरा, उकळून मळी काढा, फडक्यातून गाळा आणि लक्ष्य मुद्दाम कमी ठेवा, २ व्हॉल्यूम. पिवळाधमक गूळ टाळा. तो रंग पुष्कळदा हायड्रोसचा, म्हणजे रंग उजळवणाऱ्या रसायनाचा असतो. काकवीत पाणी किती हेच कळत नाही, म्हणून ती बाद.

मध. पाचवा हिस्सा पाणी. साखरेच्या सव्वापट घ्यावा लागतो, वायू तयार व्हायला वेळ लागतो, आणि वास बाटलीत टिकेल ही आशा बहुतेक फोल ठरते.

सुका माल्ट अर्क. ‘बिअरमध्ये माल्टशिवाय काही नको’ म्हणणाऱ्यांसाठी. साखरेच्या जवळपास दीडपट लागतो, उकळताना भांड्याबाहेर येतो, तळाशी गाळ वाढवतो. पेल्यात फरक ओळखून दाखवणारा विरळाच.

कुठलीही निवडा, पद्धत तीच. साखर ३०० मिली पाण्यात पाच-दहा मिनिटं उकळा, झाकून थंड होऊ द्या, निर्जंतुक केलेल्या बादलीत आधी ओता. त्यावर बिअर नळीने तळाशी सोडा, खळखळ न करता. आवाज येत असेल तर हवा मिसळतेय आणि महिन्याभरात ओल्या पुठ्ठ्याची चव येणार. मग निर्जंतुक चमच्याने दोन-तीनदा सावकाश फिरवा. हे राहिलं की एक बाटली मलूल आणि दुसरी कारंजं होते. बुचाखाली दोन-तीन सेंटिमीटर जागा सोडा.

आता उन्हाळा. मेमध्ये पारा ४२-४३ वर जातो आणि पत्र्याखालची खोली त्याच्याही वर. २.४ व्हॉल्यूमची बाटली २० अंशांत आत पावणेदोन बार दाब धरते. तीच ४० अंशांत साडेतीनच्या घरात जाते, साखरेचा एक कणही न वाढवता. त्यामुळे मार्च ते जून २.२ च्या वर जाऊ नका आणि गव्हाची बिअर हिवाळ्यासाठी राखून ठेवा. बाटल्या १८ ते २४ अंशांत दोन-तीन आठवडे राहायला हव्यात. एसीची खोली नसेल तर झाकणाच्या जाड खोक्यात, जमिनीलगत. आणि बाटली बिअरचीच हवी, क्राउन बूच बसणारी, गळ्याला टवका न गेलेली. व्हिस्कीची बाटली दाबासाठी बनलेलीच नसते. भंगारातून आणलेल्या बाटल्या उजेडासमोर धरून तडे बघा.

तरी बाटल्या फुटण्यामागे साखरेपेक्षा घाईच जास्त असते. फर्मेंटेशन अर्धवट असताना भरली तर हायड्रोमीटरचा (घनता मोजायच्या नळीचा) प्रत्येक उरलेला अंक, म्हणजे ०.००१, सुमारे अर्धा व्हॉल्यूम वाढवतो. १.०१० वर थांबणारी बिअर १.०१४ ला भरली की दोन व्हॉल्यूम फुकटचे. तीन दिवसांच्या अंतराने दोनदा मोजा. आकडा हलला नाही तरच भरा. सगळ्याच बाटल्या दिवसागणिक जास्त फसफसत असतील तर जंतुसंसर्ग समजा: त्या थंड करा, चष्मा आणि जाड हातमोजे घालून उघडा. उलट फेसच नसेल तर बूच नीट बसलंय का ते बघा. बाटल्या पहिल्याच आठवड्यात फ्रिजमध्ये गेल्या असतील तर बाहेर काढून दहा दिवस थांबा.

आल्याच्या बिअरला वरचा हिशेब लावू नका. तिच्यात गोडव्यासाठी साखर मुद्दाम शिल्लक ठेवलेली असते, म्हणजे यीस्टला खायला अमर्याद. थोडं अल्कोहोल तिच्यातही तयार होतं, म्हणून मुलांना देताना भान ठेवा. काच नकोच, सोड्याची प्लास्टिक बाटली घ्या आणि रोज दाबून बघा. दगडासारखी कडक झाली की लगेच फ्रिजमध्ये. सोलापुरी मेमध्ये ही वेळ एका दिवसातही येते, म्हणून सकाळी भरलेली बाटली रात्री झोपण्याआधी एकदा चाचपा.