नेव्ही की रेमिंग्टन? नाटकातल्या दोन रिव्हॉल्वरचा सात महिन्यांचा अनुभव

आधीच सांगतो, दोन्ही नकली आहेत. ओतीव धातूची, गोळी बसणारच नाही अशी. आमचा सांगलीतला हौशी संघ साताऱ्याच्या १८५७ च्या कटावर नाटक करतो आणि त्यात कंपनीच्या साहेबाला रिव्हॉल्वर लागतं. प्रॉपर्टी, म्हणजे रंगमंचावर लागणाऱ्या वस्तू, माझ्याकडे. एक आणलं १८५१ च्या कोल्ट नेव्हीची प्रतिकृती, दुसरं रेमिंग्टन न्यू मॉडेल आर्मीची. दिग्दर्शक म्हणाले, "दोन्ही सारखीच दिसत्यात की. कुठलं बी चालतंय."

दोन्ही सिंगल ॲक्शन. म्हणजे नुसता चाप दाबून काही होत नाही. आधी अंगठ्यानं घोडा, म्हणजे मागची हातोडी, मागं ओढायचा, तेव्हा सिलिंडर, म्हणजे गोळ्यांचं गोल नळकांडं, एक घर फिरतं, मग चाप घोडा सोडतो. पहिल्याच प्रयोगात साहेबानं थेट चाप दाबला. विंगेत बार वाजला, घोडा जागचा हलला नाही, आणि पुढच्या रांगेतली पोरं फिदीफिदी हसली.

खरा फरक सिलिंडरच्या वर आहे. नेव्हीला तिथं काहीच नाही, सगळं उघडं. नळी पुढून येऊन सिलिंडरच्या कण्यावर बसते आणि आडवी पाचर मारली की अडकते. सगळी भिस्त त्या एवढ्याशा पाचरीवर! माझ्याकडच्या प्रतिकृतीत ती मऊ धातूची. तिसऱ्या महिन्यात झटापटीच्या प्रवेशात रिव्हॉल्वर दोनदा रंगमंचावर आपटलं आणि नळी डुगडुगायला लागली. शेवटी गावभागातल्या एका लेथवाल्याकडून पोलादी पाचर करून घेतली.

रेमिंग्टनच्या सिलिंडरवरून पट्टी गेलेली आहे. फ्रेम खिडकीच्या चौकटीसारखी चारी बाजूंनी बंद, नळी तिच्यात आट्यांनी घट्ट. तेवढीच आदळआपट याच्याही वाट्याला आली, पण काही ढिलं झालं नाही. पुसायलाही सोपं: घोडा अर्धा ओढायचा, नळीखालचा दांडा खाली करायचा, कणा पुढं सरकवायचा, की सिलिंडर बाजूनं हातात येतं. नेव्हीत त्यासाठी अख्खी नळी उतरवा.

नेम धरायची मागची खाच रेमिंग्टनला त्या पट्टीतच असते. नेव्हीची खाच घोड्याच्या डोक्यावर, म्हणजे घोडा ओढल्याशिवाय नेमच नाही. साहेबाला मी एवढंच सांगितलं, "खाचेतून बघूनच झाड." त्यानंतर तो घोडा कधी विसरला नाही.

मुठीत मात्र कोल्टच सरस. रेमिंग्टनच्या चापाचं कडं मुठीला इतकं खेटून आहे की मधल्या बोटाचं पेर सोलवटतं. आमच्या साहेबाचा पंजा पैलवानाचा, तो रोज कुरकुरायचा.

आणि सालाचं काय? रेमिंग्टनवरचं पेटंट १४ सप्टेंबर १८५८ चं. कट १८५७ चा! कोल्टचा मात्र १८५३ ते १८५६ लंडनमध्ये कारखाना होता, नेव्ही तिथंही बनायचं, आणि सत्तावन्नात इंग्रज अधिकाऱ्यांकडे कोल्ट होती. शेवटच्या रांगेला हे कळणार नाही, पण मला सलतं. नेव्हीच्या सिलिंडरवर १८४३ च्या, टेक्सास आणि मेक्सिकोच्या जहाजांच्या लढाईचं चित्र कोरलेलं असतं. त्याच साली इथं सांगलीत विष्णुदास भाव्यांनी पहिला नाट्यप्रयोग केला. योगायोगच, पण मेकअपच्या खोलीत हे सगळ्यांना दाखवल्याशिवाय राहवत नाही.

सध्या तालमीला रेमिंग्टन, प्रयोगाला नेव्ही. आणि माझ्या खिशात एक जादा पाचर.