इतिहास विभाग: संशोधनासाठी की अध्यापनासाठी?

इतिहासात पदव्युत्तर शिक्षण घेऊ पाहणारी एक विद्यार्थिनी दोन विभागांत अडकली आहे. माहितीपत्रकांत दोघेही सर्वांगीण विकासाची हमी देतात. ती हमी बाजूला ठेवून विभाग कोणत्या हेतूने उभा राहिला, एवढेच पाहावे.

संशोधनप्रधान घडणीचा नमुना म्हणजे १८१० मध्ये स्थापन झालेले बर्लिन विद्यापीठ, जिथे १८२५ मध्ये जर्मन इतिहासकार लिओपोल्ड फॉन रांके आले. त्यांच्या चर्चासत्रात मोजके विद्यार्थी मूळ कागद पुढ्यात घेऊन बसत आणि तो कोणी, कधी, कोणाच्या सोयीसाठी लिहिला, याची चिकित्सा करत. अध्यापनप्रधान घडणीचा नमुना म्हणजे इंग्लंडमधले ऑक्सफर्ड विद्यापीठ. तिथे आधुनिक इतिहास हा विषय १८५० मध्ये कायद्याच्या जोडीने आला व १८७२ मध्ये स्वतंत्र झाला. तिथला भर सार्वजनिक जीवनासाठी माणसे घडवण्यावर होता, आणि विद्यार्थी शिक्षकासमोर आपला निबंध वाचून त्याचे समर्थन करत असे.

श्रम दोन्हीकडे आहेत, पण जात वेगळी. पहिल्यात जुनी लिपी आणि भाषा शिकण्यातच बराच काळ जातो, हाती येते ते एका अरुंद विषयावरचे प्रभुत्व. दुसऱ्यात आवाका मोठा, मांडणी सफाईदार. मात्र अस्सल कागदाशी गाठ क्वचितच पडते, आणि ही उणीव मला किरकोळ वाटत नाही.

पीएच.डी. किंवा अभिलेखागारातले काम डोक्यात असेल, तर पहिला विभाग घ्यावा. अध्यापन, पत्रकारिता वा प्रशासन करायचे असेल, तर दुसरा पुरेसा आहे.