हॉटेलच्या समुद्राकडच्या सूटला पडदे की रोलर ब्लाइंड (वर गुंडाळला जाणारा सपाट पडदा)?

कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर समुद्र पश्चिमेला, म्हणजे दुपारनंतरचं ऊन थेट काचेवर. पाहुणा पैसे मोजतो तो समुद्र दिसावा म्हणून, आणि जाड पडदा ओढला की तोच दिसेनासा होतो. इथे सोलर स्क्रीनचं, म्हणजे ऊन अडवणाऱ्या जाळीदार कापडाचं, रोलर ब्लाइंड सरस. ३ ते ५ टक्के उघडी वीण (म्हणजे कापडात तेवढाच भाग छिद्रांचा) चकाकी मारते, तरी लाटा दिसत राहतात. त्यातही गडद रंगातून बाहेरचं जास्त स्पष्ट दिसतं. फिका रंग उष्णता जास्त परतवतो. मी गडदच घेईन.

पावसाळ्यात फरक आणखी जाणवतो. सुती पडदा दमट हवेत ओल धरतो, बुरशीचे काळे ठिपके पडतात. पीव्हीसीचा लेप असलेली जाळी ओल्या फडक्याने पुसली की झालं. खारी हवा मात्र दोघांचंही लोखंड खाते, म्हणून स्क्रू, ब्रॅकेट खाऱ्या हवेत टिकणाऱ्या ३१६ ग्रेड स्टेनलेस स्टीलचेच हवेत.

झोपेच्या आणि खासगीपणाच्या बाबतीत पडदाच जिंकतो. जाळीतून रात्री दिवा लावला की बाहेरून आतलं दिसतं, हे फार कमी हॉटेलं लक्षात घेतात. त्यामुळे बैठकीच्या खोलीत नुसतं ब्लाइंड, बेडरूममध्ये त्यावर पॉलिएस्टरचा ब्लॅकआउट (उजेड पूर्ण अडवणारा) पडदा.